बाल्थामोस नावाचा शिपाई

बेबी माझी चुलत बहीण. वय लिहायचं नाही अशी तिची अट आहे. लग्न झालं, मुलगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला, तरी घरात ती अजून बेबीच. इंग्लंडमध्ये स्विंडनला नर्स आहे. मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी नवरा-मुलाला घेऊन ऑक्सफर्डला गेली, तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये हिंडली आणि एका साध्या लाकडी बाकाचा फोटो मला पाठवला. बाकावर लोकांनी नावं कोरलेली. पुन्हा पुन्हा तीच दोन, विल आणि लायरा. खाली बेबीचा प्रश्न: ‘दादा, हे कोण? यांच्या लग्नाला सगळ्यांचीच परवानगी दिसतेय.’

मी म्हटलं, सांगणार नाही, वाच. फिलिप पुलमनची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही तीन पुस्तकांची मालिका. १९९५ साली ‘नॉर्दर्न लाइट्स’, १९९७ साली ‘द सटल नाइफ’, २००० साली ‘द अँबर स्पायग्लास’. बाक तिसऱ्याच्या शेवटी येतो. आणि वाचताना बाल्थामोस नावाचा एक देवदूत भेटेल, त्याच्याकडे जरा लक्ष दे, तो माझा आवडता.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलं. म्हणजे तेव्हा तरी वाटलं उगाच लिहिलं.

(पुस्तकं वाचायची असतील आणि गोष्ट आधी कळलेली चालत नसेल, तर इथेच थांबा. पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे.)

मी ही मालिका उलटी वाचली. २००३ साली फाउंटनच्या फुटपाथवर तिसरा भाग ऐंशी रुपयांना मिळाला. आधीचे दोन आहेत हे ठाऊकच नव्हतं. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभ्याने वाचायला सुरुवात केली, म्हणजे जेवणाआधीच पानसुपारी. कोण कुणाचा, कोण कुणावर का चिडलंय, काही पत्ता नाही. बाकीची मंडळी गोष्टीच्या मध्यावर पोचलेली. माझी रीतसर ओळख करून दिली गेली ती दोघांचीच, कारण दुसऱ्या प्रकरणाचं नावच मुळी ‘बाल्थामोस आणि बारूख’ आहे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी शेजारी बसलेला पोरगा जसा जन्मभर लक्षात राहतो, तसं काहीसं झालं.

विल बारा वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे एक सुरी आहे, तिने एका जगातून दुसऱ्या जगात खिडकी कापता येते. ती मिळवताना डाव्या हाताची दोन बोटं गेली. वर्षानुवर्षं शोधलेला बाप सापडतो आणि त्याच घटकेला विलच्या डोळ्यांदेखत मारला जातो. त्या रात्री हे दोन देवदूत पुढे येतात नि म्हणतात, चल, तुला लॉर्ड अॅझ्रिएलकडे न्यायचंय. अॅझ्रिएलने स्वर्गाविरुद्ध बंड पुकारलंय, त्याला ही सुरी हवी आहे. विल म्हणतो, आधी लायराला, म्हणजे दुसऱ्या जगातल्या आपल्या मैत्रिणीला, शोधायचं, मग बाकीचं. झालं, देवदूतांचं काही चालत नाही. ते निमूट त्याच्या मागे निघतात.

इथे मी लोकलमध्ये पहिल्यांदा हसलो.

कारण आमच्या घरात देवदूत म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. आम्ही वसईचे ख्रिस्ती. देव्हाऱ्याशेजारी संत मायकलची तसबीर, हातात तलवार, पायाखाली सैतान. २९ सप्टेंबर त्याचा सण, २ ऑक्टोबर राखणदार देवदूतांचा. गांधीजयंतीची सुट्टी आम्हाला देवदूतांनी मिळवून दिली आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरने देवदूतांच्या नऊ पायऱ्या पाठ करून घेतल्या होत्या. सर्वांत वर सेराफिम, मग खेरुबिम, अशा उतरत उतरत आठवी पायरी महादूतांची. नववी, सगळ्यात खालची, नुसत्या देवदूतांची. त्यांना वेगळं नावच नाही. माणसांच्या मागे मागे फिरायचं काम मात्र त्यांच्याचकडे.

बाल्थामोस या शेवटच्या पायरीवरचा. स्वतःच सांगतो की आम्ही फार वरच्या दर्जाचे नाही. उजेडात तो धड दिसतही नाही, अंधुक प्रकाशात कडा तेवढ्या उमटतात. आणि ताकदीचं म्हणाल तर बारा वर्षांचा विल त्याच्यापेक्षा बळकट. पुलमनच्या जगात देवदूतांना हाडामांसाचं शरीर नाही. ते आपला हेवा करतात. आपल्याला गवताचा वास येतो, पायाला खडा टोचतो, भूक लागते, याचा त्यांना हेवा. सिस्टरने शिकवलेल्या शिडीची सगळ्यात खालची पायरीसुद्धा माणसाच्या डोक्यावर होती. पुलमनने ती काढून जमिनीत रोवली.

मराठीत शिपाई हा फार सोयीचा शब्द आहे. सैन्यात लढतो तो शिपाई आणि ऑफिसात फाइल घेऊन जातो, साहेबांना पाणी देतो तोही शिपाई. बाल्थामोस दोन्ही अर्थांनी शिपाई. बंडखोरांच्या बाजूचा, पण अंगात चिलखत नाही, पदक नाही, हाताखाली कुणी नाही. निरोप न्यायचा, पोराला सांभाळायचं, वाट दाखवायची. स्वभावाने तिरकस. आमच्या ऑफिसात एक जुने हेडक्लार्क होते, कुठलंही काम सांगितलं की आधी दोन टोमणे मारायचे, मग नीटनेटकं करून द्यायचे. बाल्थामोस बोलायला लागला की मला तेच दिसत.

त्याचं सगळ्यात अवघड काम फाइल नेण्याइतकंच हलकं होतं. लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात बरोबर असतो. त्याला डीमन म्हणतात. आपल्याकडे राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो ना, तसंच, फक्त इथे पोपट खांद्यावरच बसलेला, आणि तो राक्षसाचाच नाही तर पोस्टमनचाही असतो. विल आपल्या जगातला. त्याचा डीमन दिसत नाही. असा मुलगा तिथे रस्त्याने गेला तर लोक मुंडकं नसलेला माणूस पाहिल्यासारखे घाबरतील. म्हणून बाल्थामोसने पक्षी व्हायचं, ब्लॅकबर्ड, आणि विलच्या खांद्यावर बसून त्याचा डीमन असल्याचं सोंग करायचं. हजारो वर्षं जगलेल्या देवदूताने पोराच्या खांद्यावर बसून लोकांसमोर पाखरू व्हायचं! त्याला ते अतिशय अपमानाचं वाटतं, आणि तसं तो बोलूनही दाखवतो. पण होतो. सैबेरियातल्या एका गावात एक दारुडा पाद्री विलला घरात ओढतो, त्याला बळंच व्होडका पाजतो, तेव्हाही हा तिथे पक्षी होऊन बसलेला असतो.

मला तो प्रसंग पुस्तकातल्या मोठ्या लढाईपेक्षा जास्त आठवतो. लढाईत कुणीही शूर दिसतं.

बारूख मूळचा माणूस, बाल्थामोस नाही. बारूख मेल्यावर देवदूत झाला आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. पुलमन त्याचा गाजावाजा करत नाही. दोन म्हाताऱ्यांच्या संसारासारखं ते सहज आलंय. बारूखचा भाऊ हनोख. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात ती वंशावळ आहे, यारेदचा मुलगा हनोख, ३६५ वर्षं जगला आणि मग देवाने त्याला नेलं. पुढे ज्यूंच्या जुन्या परंपरेत हाच हनोख मेटाट्रॉन नावाचा महाबलाढ्य देवदूत होतो. पुलमनने तो धागा उचलला. त्याच्या पुस्तकात ‘अथॉरिटी’ म्हणून जो देव मिरवतो तो निर्माता नाहीच, सगळ्यांत आधी जन्मलेला देवदूत आहे, आणि मीच तुम्हाला घडवलं असं त्याने मागून आलेल्यांना खोटं सांगितलं. आता तो जराजर्जर आहे, कारभार मेटाट्रॉनच्या हातात. म्हणजे सख्खा भाऊ स्वर्गाचा कारभारी आणि बारूख बंडात शिपाई. भाऊबंदकी आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे हे प्रकरण मला चटकन कळलं.

ख्रिस्ती घरात हे पुस्तक कसं वाचलंस, असं मला दोनतीनदा विचारलं गेलंय. २००७ साली पहिल्या भागावर सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली होती. सिनेमाची गाडी पहिल्याच भागावर अडली, त्यामुळे माझे देवदूत पडद्यावर यायला २०२२ उजाडलं, तेही टीव्हीवर, मालिकेच्या तिसऱ्या सत्रात. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथने बाल्थामोस केलाय, छान केलाय, पण माझ्या डोळ्यांपुढे अजून हेडक्लार्कच येतात. असो. माझं उत्तर एवढंच असतं की देवदूतांचं बंड ही गोष्ट काही पुलमनने आणली नाही. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७ सालचं, पुलमनच्या मालिकेचं नावसुद्धा त्यातल्याच एका ओळीतून आलंय. आणि त्याच्याही एक्कावन्न वर्षं आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं. मराठीत, ओव्यांमध्ये, दहा हजारांहून जास्त ओव्या, पण लिपी रोमन. त्यातही ल्युसिफरचं बंड आहे. इंग्रजांनी ते महाकाव्यात वाचायच्या आधी ते आपल्या भाषेत ओवीछंदात आलेलं होतं, हे बेबीला सांगितलं की ती म्हणते, दादा, तू प्रत्येक गोष्ट वसई-गोव्यावर आणून सोडतोस.

मिल्टनमध्ये अब्दिएल नावाचा एक देवदूत आहे. सैतान आपल्या हाताखालच्या फौजेला फितवत असतो, तेव्हा त्या हजारोंच्या गर्दीत हा एकटा उभा राहून नाही म्हणतो, रात्रभर उडत देवाच्या गोटात परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी युद्धात सैतानावर पहिला घाव हाच घालतो. आदर्श शिपाई. तसबिरीत लावावा असा. मला मात्र तो कधी जवळचा वाटला नाही. अब्दिएलच्या पोटात कधी गोळा आलेला दिसत नाही.

बाल्थामोसच्या येतो. आधी बारूख जातो. अथॉरिटी कुठे आहे ही खबर अॅझ्रिएलपर्यंत पोचवायला तो एकटा निघतो, वाटेत शत्रू त्याला गाठतात, तो कसाबसा किल्ल्यात पोचतो. खबर देतो. अंगात काही उरलेलं नसतं. कोणीतरी आत येतं, तेवढ्याशा झुळकेने त्याचे कण विस्कटतात आणि तो संपतो. रांगोळीवरून वारा जावा तसा. इकडे कित्येक कोस लांब, विलबरोबर असलेल्या बाल्थामोसला ते त्याच क्षणी कळतं. त्यापुढचा बाल्थामोस चालतो, बोलतो, पाखरू होतो, पण आत कोणी नाही.

मग हिमालयातली ती गुहा. लायराला तिच्या आईने औषध देऊन झोपवून ठेवलंय, विल तिला सोडवायला आत शिरतो. बाहेर दोन फौजा येऊन थडकल्या आहेत. बाल्थामोसने मदत करायची हे ठरलेलं. आणि ऐन घटकेला त्याचा धीर सुटतो. तो पळून जातो. मागे काय झालं ते बघायलाही थांबत नाही. आत विलची सुरी मोडते.

बाराव्या प्रकरणात हे येतं. त्या दिवशी मी वसईला उतरायचं विसरलो आणि विरारला गेलो.

आता जुलै १९८६. मी दहा वर्षांचा, बेबी पाच. (अट मोडली. हिशेब ज्याने त्याने आपापला करावा.) आमच्या वाडीच्या कोपऱ्यावर बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं मातीचं तळं, विहीर नाही, कठडा नाही. पावसाचं गोडं पाणी त्यात मुरतं आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलींना तेच पुरतं. आता बरीचशी बावखलं बुजली, वर इमारती आल्या. आमचं अजून आहे, पण त्यात डेब्रिजच जास्त.

काकीने सांगितलं होतं, हिच्याकडे बघ. मी हॉर्लिक्सच्या बाटलीत बेडकाची पिल्लं धरत होतो. दहाएक धरली होती, एकाला मागचे पाय फुटलेले, ते मी उजेडाकडे धरून बघत होतो. मागे पाण्याचा आवाज झाला. मोठा नाही, नारळ पडावा एवढा. वळलो तर काठाच्या चिखलात घसरल्याची एक लांब रेघ आणि पाण्यावर हिरव्या शेवाळात बेबीचा पिवळा फ्रॉक फुगून वर आलेला.

मला पोहता येत होतं. नानांनी केळीचं खांड पोटाखाली देऊन त्याच बावखलात शिकवलं होतं. हे मुद्दाम लिहितोय.

मी पळालो. हाक मारायला पळालो असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण मी हाक मारली नाही. तोंडातून आवाज निघाला नाही. वाडीतून थेट घरात, शिडीने माळ्यावर, फुलांच्या रिकाम्या करंड्यांच्या मागे. करंड्यांना मोगऱ्याचा कुजका वास येत होता. मी कान झाकून घेतले होते, आणि तरी कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

जॉनूकाका तेव्हा बावखलाच्या पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी इंजिनाचा फूटवॉल काढत होते. जॉनूकाका इंजिनं दुरुस्त करायचे आणि प्यायचे. गावात दोन्हीसाठी प्रसिद्ध, दुसऱ्यासाठी जास्त. त्यांनी उडी मारली, बेबीला काढली, उलटी धरून पाणी ओकवलं आणि खांद्यावर टाकून आमच्या अंगणात आणली. काकी किंचाळत धावली. आधी पोरीला कवटाळलं, मग जॉनूकाकांवर ओरडली. ते चिखलाने माखलेले, डोळे लाल, तोंडाला वास. पहिल्या पाच मिनिटांत कुणाला काय वाटलं असेल ते वाटलं असेल. नंतर सगळं कळलं, आजीने त्यांना चहा दिला, काकाने नवा लेंगा दिला. त्या लेंग्याचं त्यांनी काय केलं ते गावाला माहीत होतं. पुढे वर्षभर लोक हसत म्हणायचे, जॉनू टाइट होता म्हणून उडी मारली, शुद्धीत असता तर विचार केला असता.

मी अंधार पडल्यावर खाली आलो. काकीने विचारलं, ‘कुठं होतास रे?’ म्हटलं, शाळेच्या मैदानावर. तिला खरं वाटलं. बेबी घरात खेळतेय असंच मी समजत होतो, असंही जोडून दिलं.

बाटली मात्र काठावर राहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर होती. रिकामी. आतून बाहेरून धुतलेली, झाकण लावलेलं, लेबलाचा चिकटाही खरवडून काढलेला. जॉनूकाका फाटकाबाहेर सायकलला पान्याची पिशवी अडकवत होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेले. ते कधीच काही बोलले नाहीत. मला नाही, कुणालाच नाही. १९९८ साली गेले. त्यांच्या मातीला आम्ही बाराजण होतो, त्यात वाजवणारे तिघे.

तर पाच वर्षांनी, विरार स्टेशनच्या बाकावर उलट्या गाडीची वाट बघत, मी तो देवदूत पळताना वाचत होतो.

पुढचे दोन आठवडे मी पुस्तक उघडलं नाही. पळपुट्याचं पुढे काय होतं हे लेखक लोक सहसा सांगत नाहीत. एक तर त्याला मारून मोकळे होतात, नाहीतर विसरतात. मधली बावीस-तेवीस प्रकरणं बाल्थामोस जवळजवळ नाहीच. मृतांचं जग, महायुद्ध, अथॉरिटीचा शेवट, मेटाट्रॉनचा शेवट, सगळं होऊन जातं. मला वाटलं, विसरला.

पस्तिसाव्या प्रकरणात फादर गोमेझ लायराच्या मागावर असतो. (आमच्या गल्लीत चार घरं गोम्स आहेत, त्यामुळे हे नाव वाचून मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं होतं.) धर्मन्यायालयाने त्याला लायराला मारायला पाठवलंय आणि पुलमनची खरी करामत म्हणजे, त्या पापाची क्षमा त्याला आधीच देऊन ठेवली आहे. प्रायश्चित्त अॅडव्हान्समध्ये भरलेलं. त्यामुळे माणूस अगदी शांत. हातात रायफल. डीमन म्हणजे एक झळझळीत हिरवा भुंगा. दुसऱ्या एका जगातल्या उबदार दुपारी विल आणि लायरा गवतातून चाललेत, आपल्याच नादात, आणि हा मागून अंतर राखून येतोय.

आणि अचानक त्याच्या छातीत कळ येते. दिसत कुणी नाही, पण कुणीतरी त्याचा भुंगा मुठीत धरलाय. पोपटाची मान हातात आली की राक्षसाचं काय होतं ते आपल्याला आजीने सांगितलेलंच आहे. त्या मुठीमागे बाल्थामोस. मूठ फार घट्टही नाही, कारण तेवढी शक्ती त्याच्यात उरलेलीच नाही. तो नुसतं त्याला त्या दोघांपासून लांब नेतोय. झटापट ओढ्यापर्यंत जाते, गोमेझ पडतो, डोकं दगडावर आपटतं, पाण्यात बुडून मरतो. आणि बाल्थामोसचेही कण सुटायला लागतात. शेवटी मनात बारूख.

ही सगळी मारामारी चालू असते तेव्हा विल आणि लायराला पत्ताही नाही. ते पुढे निघून गेलेले. त्यांची दुपार तशीच चालू राहते. मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा बदल पुढच्या तासाभरात व्हायचा आहे आणि तो होऊ शकतो तो या भित्र्या शिपायामुळे. बघायला कुणी नाही. एक प्रकरण दोन पानांनी वाढलं, एवढीच त्याची नोंद.

मी ते गाडीत वाचलं नाही. घरी, माळ्यावर जाऊन वाचलं. तिथे आता करंड्या नाहीत, जुनं वॉशिंग मशीन आहे.

बावीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि मग बेबीने बाकाचा फोटो पाठवला. बेबीला बावखलाची गोष्ट माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे तशी: ती एकटी खेळत गेली, घसरली, जॉनूकाकांनी काढली. अजूनही ती स्विमिंग पूलच्या काठाला बसून पाय बुडवते, त्यापुढे नाही.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. ‘दादा, हा तुझा आवडता? पोराला गुहेत एकट्याला सोडून पळाला! एवढा मोठा देवदूत, आणि असला? मला नाही आवडला.’

मी जेवत होतो. ताटावरून उठलो. काहीतरी लिहिलं, पुसलं. शेवटी पाठवलं: ‘पस्तिसावं होईपर्यंत थांब.’

तिची नाइट ड्यूटी, मुलाची परीक्षा, वाचन चार पानं, दोन पानं. मी रोज विचारत होतो, कितवं? तिला वाटलं, दादाचं डोकं फिरलंय. शेवटी गेल्या रविवारी मिस्सा करून घरी आलो तर फोनवर तिचं एकच वाक्य: ‘पस्तीस झालं.’

मी फोन लावला. पुस्तकाचं काही बोललो नाही. पिवळ्या फ्रॉकपासून सुरुवात केली आणि करंड्यांपर्यंत आलो, मैदानाचं खोटं सांगितलं, बाटली ओट्यावर आली तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘त्या पिल्लांचं काय झालं?’

‘सोडली असणार,’ मी म्हटलं. ‘बाटली धुतलेली होती.’